धावायला जाते सांगून

आरे कॉलनी, गोरेगाव (पूर्व)
रविवार, ८ फेब्रुवारी १९८७

प्रिय कमल,

तुझी तिन्ही पत्रं पोचली. शेवटच्याची सुरुवात 'ती. अनुपमाबाई यांस सा. न. वि. वि.' अशी वाचली तेव्हाच कळलं की तू जाम चिडलीयस. चीड. हक्क आहे तुझा. पण निदान हे पत्र पूर्ण वाच आणि मग चीड.

इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या आईचा खोकला गेला. धाकूकाकांनी तुमच्या पडवीवर नवे पत्रे घातले, आता पावसाळ्यात बादल्या ठेवाव्या लागणार नाहीत. तुझं घरचं पत्र आलं की तुझी आई पिठाचे हात तसेच घेऊन आमच्या दारात येते. "वाच गो बाय, काय म्हणता माझा चेडू." मी वाचते. भुसावळचं ऊन, ऑफिसातल्या फायलींची धूळ, रेल्वेने दिलेला निळा ट्रॅकसूट, मेसमधली पाण्यासारखी आमटी. ती हसते, मधेच पदर डोळ्यांना लावते. आणि शेवटी तू लिहिलेलं असतंच, 'अनूला विचार, पंधराशे मीटरचं टायमिंग कितीवर आणलं?' ते मला मोठ्याने वाचावं लागतं. वर उत्तरही द्यावं लागतं, कारण तुझी आई माझ्या तोंडाकडे बघत असते. "चाललंय," म्हणते मी. तेवढ्यावर तिचं समाधान होतं. तुझं होणार नाही, म्हणून तर तुला लिहिलं नव्हतं.

ते सांगते नंतर. आधी कॉलेजचं विचारलंयस ते.

आमच्या वर्गात पोरी दोनच. दुसरी घाटकोपरहून येते. तिचा भाऊ आमच्या एक वर्ष पुढे, त्यामुळे तिच्याकडे सगळ्या विषयांची जर्नलं तयार. चांगली आहे गं, पण चार वाजले की ती घरी आणि मी मैदानावर. ड्रॉइंगच्या शीट आल्या की वर्गातले सगळे कोणाच्या तरी घरी जमतात, काचेखाली बल्ब लावतात आणि एकाची शीट दुसरा वरून छापून घेतो. चहा, भजी, कॅसेट, धमाल असते म्हणे. मला बोलवायचे सुरुवातीला. पण 'आज प्रॅक्टिस आहे' हे किती वेळा ऐकायचं माणसाने? आता कोणी विचारत नाही. अख्ख्या वर्गात खरोखर स्वतःच्या हाताने शीट काढणारी मी एकटी असेन, यार.

मैदानावर याच्या उलट. तिथे माझं नाव 'इंजिनिअर'. प्रॅक्टिस संपली की सगळ्या मिळून उसाचा रस प्यायला जातात आणि मी पिशवी खांद्याला मारून बस पकडते, कारण दुसऱ्या दिवशी सबमिशन असतं. एकदा एक जण म्हणाली, "जाऊ दे तिला, तिला पूल बांधायचाय." मीपण हसले. आम्ही इलेक्ट्रिकलवाले, आम्ही कशाला पूल बांधतोय? पण ते समजावून सांगायला थांबले असते तर बस चुकली असती.

तू होतीस तेव्हा यातलं काही लक्षातच आलं नव्हतं. सकाळी तुझ्याबरोबर गोठ्यांवरून खाली उतरायचं, तळ्याच्या वळणाने बांबूंपर्यंत जायचं आणि परत. तेवढं झालं की दिवसभर कोणी बोललं काय न बोललं काय. रेल्वेची निवड चाचणी आली तेव्हा माझा गणिताचा पेपर होता, म्हणून मी पेपरला बसले आणि तू चाचणीला गेलीस. त्याचं मला वाईट वाटत नाही. खरंच नाही. तुझा नंबर लागला हे कळलं त्या दिवशी मी जेवढी नाचले तेवढी तूही नाचली नसशील. फक्त तू जाशील हे मात्र तेव्हा डोक्यात आलं नव्हतं. नोकरी लागली म्हणजे माणूस जातंच की. पण नाही आलं.

दिवाळीनंतर आमची मशीनची प्रॅक्टिकल परीक्षा झाली. टर्मभर आमच्या ग्रुपमधल्या तीन पोरांनी रीडिंग घेतली होती आणि मी ती नुसती उतरवून काढली होती, कारण प्रॅक्टिकलच्या दुपारीच मैदानावर लवूसरांनी सराव ठेवलेला असायचा. बाहेरचे परीक्षक आले. म्हणाले, "मोटर चालू करून दाखवा." ती मोटर चालू करायला एक दांडा असतो. तो एकेका टप्प्यावर थांबत सावकाश सरकवायचा, मोटर वेग घेईल तसतसा. मला सगळं पाठ होतं. आकृतीसुद्धा काढून दाखवली असती. पण दांड्याला हात कधी लावला नव्हता. मी तो धरला आणि एका दमात पार टोकाला नेला. फाट्कन आवाज झाला, फ्यूज उडाला आणि त्या बाजूची सगळी मशीनं गप्प. बाकीच्या पोरांचीपण परीक्षा चालू होती, त्यांचीही वाट लागली.

परीक्षकांनी माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या स्पाइक्सच्या बुटांकडे बघितलं. "स्पोर्ट्सवाल्या का? तरीच एवढी घाई!"

सगळी लॅब हसली. दुसऱ्या कोणाचं झालं असतं तर मीही हसले असते.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी युनिव्हर्सिटीची शर्यत. मरीन लाइन्सच्या ग्राउंडवर. लवूसर म्हणाले होते, पहिल्या तिघींत आलीस की ऑल इंडियाला नक्की. मी तिसरी धावत होते. दम होता, पाय हलके होते, वारा मागून होता. शेवटच्या राउंडची घंटा वाजली. कमल, मला काय झालं म्हणून तू विचारशील. काही झालं नाही. पोटात कळ आली नाही, पाय आखडला नाही, कोणी धक्का मारला नाही. एकेक करून सगळ्या मला ओलांडून गेल्या आणि मी सगळ्यात शेवटी आले. लवूसरांनी स्टॉपवॉच खिशात घातलं. "कपडे बदल, घामाने सर्दी होईल," म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तुझी आई हाक मारतेय. पुढचं उद्या लिहिते.

सोमवार, संध्याकाळ

तुझ्या आईने हाक मारली होती हे खरं, पण तिला फक्त चहापत्ती हवी होती. परत येऊन लिहिता आलं असतं. नाही लिहिलं.

त्या शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी उठले. बूट बांधले. बाबांनी दूध दिलं, ते प्यायले. आपण जिथून सुरुवात करायचो तिथे, डांबरी रस्ता लागतो तिथे जाऊन उभी राहिले. आणि उभीच राहिले. पाय उचलेना. भीती नाही, दुखणं नाही, नुसतं आतून कोणी 'चल' म्हणत नव्हतं. मग चालत वरच्या बसस्टॉपवर गेले आणि बाकड्यावर बसले. पहिली बस आली. कंडक्टरने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, बस गेली.

दुसऱ्या दिवशी जाताना टॉवेलमध्ये गुंडाळून मशीनचं पुस्तक नेलं.

तेव्हापासून रोज तेच चाललं होतं. धावायला जाते सांगून निघायचं, स्टॉपवर बसून उजाडेपर्यंत दिव्याखाली आणि मग उजेडात वाचायचं. येताना गोठ्याच्या नळावर तोंड आणि मान ओली करायची, दाराशी आल्यावर जरा धापा टाकायच्या. धापा टाकायचं नाटक मला झकास जमतं. एवढी वर्षं खऱ्या टाकल्यात ना. आई पंख्याखाली बस म्हणायची. पाळीवरून आल्यावर बाबा विचारायचे, "दमलंस गो?" मी मान हलवायचे. सरांना निरोप पाठवला होता की परीक्षा आहे, महिनाभर येत नाही.

बाबांचं तुला माहीत आहे. गिरणी गेली, डेअरीत लागले, तेव्हापासून ते कोणाशी धड बोलत नाहीत. जेवतात, रेडिओ लावतात, झोपतात. पण माझ्या धावण्याचा विषय निघाला की निराळेच होतात. डेअरीतल्या झाडूवाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांना माझं टायमिंग ठाऊक आहे. शर्यतीत शेवटी आले हेही त्यांनी सगळ्यांना सांगितलं आणि वर म्हणाले, "पायाक लागला होता तिच्या." मी तसं काही बोलले नव्हते. त्यांनीच ठरवून टाकलं. जानेवारीत रिझल्ट लागला, मशीनमध्ये नापास. तेही घरी सांगून टाकलं. तर म्हणाले, "एकच विषय ना? काढशीत." अशा माणसाला कसं सांगायचं गं, की मी धावतच नाही?

गेल्या महिन्याच्या शेवटी एका सकाळी धुकं होतं. मी स्टॉपवर बसले होते. ट्रान्सफॉर्मरचा धडा चालू होता. लांबून हाक आली.

"अनूऽऽ! गो अनूऽऽ!"

बाबांचा आवाज. खालच्या रस्त्यावरून येत होता, आपल्या रस्त्यावरून. मला वाटलं, संपलं, कोणीतरी चहाडी केली. मी पुस्तक छातीशी धरलं आणि खांबाच्या आड सरकले. हाका तळ्याकडे गेल्या, मग बांबूंकडे. सायकलची घंटी मधेमधे वाजत होती. मी तशीच बसून होते. विचार करत होते की काय सांगायचं, नळाकडे आधी कशी पोचू. आणि मग हाक बदलली. आधी बोलावल्यासारखी होती, नंतर विचारल्यासारखी झाली, आणि शेवटी त्यात माझं नावच उरलं नाही, नुसतं ओरडणं. बाबांना असं ओरडताना मी जन्मात ऐकलं नव्हतं.

मी धावले, कमल. पुस्तक हातात, टॉवेल कुठे पडला माहीत नाही, उतारावरून जी सुटले ती तळ्याच्या वळणापर्यंत. बाबा रस्त्याच्या मधोमध उभे होते. सायकल आडवी पडलेली, एका पायात चप्पल नाही. मला बघितलं आणि ते खाली बसले.

"खंय होतंस?"

"वर. बसस्टॉपवर."

"ह्या रस्त्याक नाय होतंस?"

"नाही बाबा."

"धावाक नाय गेल्लंस?"

"नाही."

त्यांनी माझ्या कोरड्या तोंडाकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं, बुटांकडे बघितलं. मी मार खायच्या तयारीने उभी होते. त्यांनी कधी मारलेलं नाही, तरीसुद्धा.

"बरा झाला," म्हणाले. "बरा झाला गो, नाय गेलंस."

आणि रडायला लागले.

मग कळलं. पहाटे तळ्याजवळच्या गोठ्यातून बिबट्याने रेडकू उचललं होतं. दुधाच्या पाळीवर गेलेल्या माणसाने त्याला बांबूंत शिरताना बघितलं. बाबा डेअरीत पोचतात न पोचतात तोच ही बातमी, आणि मी तर त्याच रस्त्याला गेलेली, सांगून गेलेली. तिथूनच सायकल फिरवली. रस्त्यावर रक्त होतं, गं. रेडकाचंच होतं. पण ते त्यांना आधी दिसलं आणि मी नंतर.

परत येताना ते सायकल हाताने ढकलत होते आणि मी त्यांची चप्पल शोधून आणलेली हातातच धरून चालत होते.

"कधीपासना?" त्यांनी विचारलं.

"शर्यतीपासून."

"माका सांगूक काय झाला होता?"

"तुम्ही सगळ्यांना सांगता ना, म्हणून."

चाळ दिसायला लागली तेव्हा ते थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी सांगतंय, कारण दुसरा सांगण्यासारखा माझ्याकडे काय आसा? पण म्हणान तू धावत ऱ्हवाक व्हया, असा काय नाय." जरा पुढे गेल्यावर परत म्हणाले, "तुझ्या आवशीक वाघाचा सांगू नको. झोपाची नाय ती."

त्या रविवारी बाबा माझ्याबरोबर लवूसरांकडे आले. मी नको म्हटलं होतं, तरी इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि मैदानाच्या कडेला हात मागे बांधून उभे राहिले. सरांनी विचारलं, "पाय दुखतो?" मी म्हटलं, नाही. "मग?" मी म्हटलं, "सर, धावावंसं वाटत नाही."

"पहाटे उठून कोणाला वाटतं? मला वाटतं?"

सरांनी सराव करणाऱ्या पोरींकडे बघितलं. मग म्हणाले, "हे बघ, यायचं तर कधीही ये. पण मी थांबणार नाही तुझ्यासाठी. एवढ्या पोरी आहेत माझ्याकडे. आणि तिकडचं तरी नीट कर. दोन्हीकडे अर्धीअर्धी राहू नकोस, अनुपमा." ते नेहमी 'ए अनू' म्हणतात, माहीत आहे ना. मी स्पाइक्स परत दिले, क्लबचेच होते. सरांनी तिथल्या तिथे एका नव्या मुलीला हाक मारली. तिला ते मोठे होत होते. तिने पेपरचे बोळे करून पुढे कोंबले, दोऱ्या आवळल्या आणि गेलीसुद्धा. मी बघत होते. ती फार हलकी धावते, कमल. तुला आवडेल.

बाबा बसमध्ये म्हणाले, "सर चांगलो माणूस." मग घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

आता मी दुपारची प्रॅक्टिकल एकही चुकवत नाही. शीट छापायलाही एकदा गेले होते कांदिवलीला एकाच्या घरी. सगळे चांगले वागले. पण त्यांचे विनोद मागच्या वर्षापासूनचे आहेत, त्यांना हसायचं कुठे ते मला कळत नव्हतं. परवा लॅबच्या सरांची परवानगी काढून ती मोटर मी एकटीने चालू केली. दांडा धरला, एकेक टप्पा, थांबत, तिचा आवाज ऐकत. ती हळूहळू गुणगुणायला लागली आणि मग पूर्ण वेगात फिरली. मला एवढा आनंद झाला की मी चटकन बाजूला बघितलं, कोणाला तरी सांगायला. पोरं आपापल्या टेबलावर रीडिंग घेत होती. मी मोटर बंद केली आणि परत एकदा चालू केली.

सकाळी जाग त्याच वेळेला येते. बाबांचं दूध तापवणं ऐकू येतं. ते अजून माझ्यासाठी पेला भरून ठेवतात, हाक मात्र मारत नाहीत. मी अंधारात पडून राहते. डेअरीत आता ते कोणाला काय सांगतात, मी विचारलं नाही.

लवूसरांना जे सांगता आलं नाही ते आता तुला सांगते. त्या दिवशी घंटा वाजली तेव्हा मी वाट बघत होते. आपली इतक्या वर्षांची सवय, की शेवटच्या राउंडला तू सुटायचीस आणि तू सुटलीस की मी. मी तुझी वाट बघत होते, कमल. पुढे दोघी होत्या, पण त्यातली तू नव्हतीस. हे कळेपर्यंत शर्यत संपली होती. नंतर त्या बाकड्यावर बसून एवढाच विचार केला, मला धावता येत होतं की नुसतं तुझ्या मागून यायला येत होतं? उत्तर मिळालेलं नाही. तुला ठाऊक असेल तरी लिहू नकोस. मला राग यायचा नाही, पण एवढ्यात ते वाचायचं धाडस होणार नाही.

तुझ्या तिसऱ्या पत्रात तू लिहिलंयस की मार्चमध्ये रेल्वेच्या टीमबरोबर मुंबईला स्पर्धेला येतेयस, आणि मीही क्लबकडून नाव घालावं, म्हणजे एकाच शर्यतीत धावू. नाव घातलेलं नाही. सरांनी त्या नव्या मुलीचं घातलंय.

पण मी येणार आहे. स्टँडमध्ये बसणार आहे, तिकीट असलं तर तिकीट काढून. बाबाही येतो म्हणालेत. एवढी वर्षं तुला धावताना बघितलं म्हणजे काय बघितलं? तुझी पाठ, तुझी वेणी आणि तुझ्या टाचांनी उडवलेली माती. धावताना तुझं तोंड कसं होतं ते मला माहीतच नाही. रागावलेलं असतं, की हसतेस, की जीभ बाहेर काढतेस? लोक बघायचे, मला कधी दिसलं नाही. या वेळी समोरून बघीन.

तुझी शर्यत कितीला आहे ते नक्की कळव. मी लवकर येऊन जागा धरीन. आणि एक कर. शेवटच्या राउंडला सवयीने मागे वळून बघशील, तर बघू नकोस. मी मागे नसेन.

तुझी,
अनू